हवेतला नारळ

मथुराबाई पहाटे चारला उठायच्या आणि दुपारी दोनपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घ्यायच्या नाहीत. उपवास वगैरे काही नव्हता. मंडईत बाईमाणसाला जायला आडोसा नव्हता, एवढंच. कोथरूडच्या पलीकडे जिथे पूर्वी त्यांच्या सासऱ्यांचा हरभरा डुलायचा, तिथे आता सोसायट्या डुलत होत्या, आणि सोसायट्यांच्या मधल्या तुकड्यावर भाजी मंडई भरायची. बसणाऱ्यांत नव्वद बायका. पुरुष भिंतीकडे तोंड करून मोकळे व्हायचे, बायका मुतखडे साठवायच्या. शेजारी लिंबू-मिरची विकणारी जरीना एका उन्हाळ्यात तापाने फणफणली आणि आठ दिवस दवाखान्यात पडली. डॉक्टर म्हणाले, "पाणी भरपूर प्यायचं."

जरीना म्हणाली, "पिते की. पुढचं कुठं करू तेवढं लिहून द्या."

त्या दिवसापासून मथुराबाईंचे अर्ज सुरू झाले. अकरा वर्षं चालले. कचेरीतल्या बाकावर त्या इतक्या बसल्या, की एकदा त्या आजारी पडल्या तेव्हा शिपायाने सवयीने रिकाम्या बाकापुढे चहा ठेवला, आणि बाकाने तो प्यायला. खोटं वाटत असेल तर शिपायाला विचारा. तो आता निवृत्त झाला आहे, पण शपथेवर सांगतो.

शेवटी स्वच्छतागृह बांधून झालं. पाच खोल्या, पांढऱ्या फरश्या, नळाला चक्क पाणी. आणि दाराला कुलूप. कारण उद्घाटन व्हायचं होतं. भिंती यज्ञेश्वर आप्पांनी मंजूर करून आणल्या होत्या आणि छप्पर माधवरावांनी. दोघंही पुढारी, दोघंही वॉर्डातले, आणि दोघांचं एकमेकांशी इतकं पटायचं, की एक पूर्वेला शिंकला तर दुसरा पश्चिमेला रुमाल काढायचा. नारळ कोणी फोडायचा, यावर आठ महिने गेले. तेवढ्यात खिडकीच्या फटीतून कबुतरं आत शिरली आणि उद्घाटनाची वाट न पाहता त्यांनी वास्तू वापरात आणली.

"भैरू, उघड की रे बाबा," मथुराबाई राखणदाराला म्हणायच्या. किल्ली त्याच्या करदोड्याला असायची.

"आक्का, नारळ फुटल्याबिगर कुलूप निघालं तर माझी नोकरी निघंल," भैरू म्हणायचा. त्याचंही बरोबर होतं. या शहरात पूल बांधून झाला तरी तो नारळ फुटेपर्यंत पूल नसतो, नुसता अडथळा असतो.

अशात पत्र आलं. जरीनाने वाचून दाखवलं. महिला दिनी एका मंडळातर्फे सात कर्तबगार महिलांचा सत्कार, त्यांत 'मंडईतील स्वच्छतागृहासाठी दिलेल्या अथक लढ्याबद्दल' सौ. मथुराबाई. प्रमुख पाहुणे दोन. एकाला बोलावून दुसऱ्याला वगळण्याची छाती मंडळाच्या प्रेमलाताईंना नव्हती.

"मजा आहे आक्का," जरीना म्हणाली. "शाल मिळेल."

"मजा कसली? सत्कार झाला म्हंजी काम झालं. उद्या कुणी इचारलं तर म्हणतील, त्या बाईचं मिटलं की, फोटोबी हाय. मग ते कुलूप गंजून गळंल तवाच उघडंल."

"मग जाऊ नका."

"न्हाई कशी? दोघं एका जागी आठ म्हैन्यांत पयल्यांदा येत्यात."

सभागृह मंडईपासून दहा मिनिटांवर होतं. कार्यक्रम चारचा, म्हणजे पाचला सुरू झाला. आधीच्या सहा जणींचे सत्कार झाले. एकीने दोनशे मुलींना सायकल शिकवली होती, एकीने दारूचं दुकान हलवलं होतं. त्यांना बोलायला प्रत्येकी एक मिनिट मिळालं आणि त्यांच्याविषयी बोलायला पाहुण्यांना प्रत्येकी वीस.

"आणि आता," प्रेमलाताईंनी आवाजाला तुपाची धार सोडली, "मातीतून उमललेलं एक कणखर व्यक्तिमत्त्व!"

कणखर व्यक्तिमत्त्व नऊवारीचा पदर सावरत वर चढलं. आप्पांनी ताटातला नारळ उचलून दोन्ही हातांनी पुढे केला आणि फोटोग्राफरकडे पाहून हसले. मथुराबाईंनी हात पुढे केलेच नाहीत.

"हितं न्हाई घ्यायचा, आप्पा. दारात द्या."

"कुठल्या दारात?"

"ज्याच्यापायी देताय, त्याच्या."

सभागृहात टाचणी पडली असती तर तिचाही सत्कार झाला असता, इतकी शांतता पसरली. आप्पांनी नारळ ताटात ठेवायला हात वळवला आणि जागीच थांबले. पुढे केलेला मानाचा नारळ माघारी घ्यायचा नसतो, हे पुढाऱ्याला जन्मतः ठाऊक असतं. शेजारच्या वॉर्डात एकाने घेतला होता. त्याचं डिपॉझिट गेलं, दात गेले, आणि त्याच्या घरच्या विहिरीचं पाणी जावयाच्या विहिरीत निघालं. निवडणूक दोन महिन्यांवर होती.

"ठेवा की आप्पा, त्यात काय एवढं," माधवराव गोड आवाजात म्हणाले.

"मग आपण धरता का क्षणभर?"

माधवरावांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

पंचवीस मिनिटं नारळ हवेत होता. प्रेमलाताईंनी आभार मानले. मंडपवाला, ध्वनिक्षेपकवाला, वीज न गेल्याबद्दल वीज मंडळ, असे सगळे संपले तेव्हा पुन्हा पहिल्यापासून मानले. आप्पांच्या कोपरांना कंप सुटला.

"अहो मथुराबाई, हात भरून आलेत माझे."

"आमचंबी भरून येतंय आप्पा, अकरा वर्सं. हात न्हाई, पण."

मंडईतून आलेल्या बायकांच्या रांगांतून जे हसू फुटलं, त्याने पंखे उलटे फिरले. आप्पा खाली उतरले आणि नारळ तसाच पुढे धरून चालू लागले. माधवराव क्षणभर खूश होते. मग त्यांच्या ध्यानात आलं, की हा गृहस्थ एकटाच नारळ घेऊन थेट दारात निघाला आहे. त्यांनी स्वागताच्या कलशावरचा नारळ आंब्याच्या पानांसकट उपटला आणि मागोमाग धावले.

रस्त्याने असा देखावा पूर्वी झाला नव्हता. दोन पुढारी, दोन नारळ, मागे सात सत्कारमूर्ती, त्यांच्यामागे सभागृह. कोणाची मिरवणूक ते न कळल्यामुळे दुचाकीवाले आपोआप थांबले. असं त्या रस्त्यावर एकदाच घडलं. चौकात लग्नाचा एक बँड नवरदेवाला सोडून यात सामील झाला.

भैरूने दोन नारळ पाहिले आणि तो उठून उभा राहिला. "आधी कुणाचा?"

आठ महिने अडलेला प्रश्न तो हाच.

"दोघांचा एकदम," मथुराबाई म्हणाल्या. "म्या तीन म्हणते, मग फोडा. एक... दोन..."

दोघांनीही दोनलाच फोडले. पाणी एकमेकांच्या धोतरांवर उडालं. भैरूने करदोड्याची किल्ली ओढली, कुलूप कुरकुरलं, दार उघडलं, आणि आतून चाळीस कबुतरं नाराजीने बाहेर पडली. टाळ्या वाजल्या. भैरूने दोन बादल्या पाणी मारून फरशी धुतली.

प्रेमलाताईंनी बँडवाल्याचा कर्णा हाती घेतला. "आता राहिलेला सत्कार! शाल देण्यासाठी दोन्ही मान्यवरांनी पुढे यावं!" शाल एकच होती. आप्पांनी तिचं एक टोक धरलं, माधवरावांनी दुसरं. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला. "सत्कारमूर्ती मथुराबाई! मथुराबाई कुठे आहेत?"

दारात नव्वद बायकांची रांग लागली होती. रांगेच्या तोंडाशी जरीना उभी होती.

"आत आहेत," ती म्हणाली.

"अहो, पाहुणे खोळंबलेत!"

पहिल्या खोलीच्या बंद दाराआडून मथुराबाईंचा आवाज आला. तो मुळीच घाईत नव्हता. "जरीना, त्यांना म्हणावं शाल धरून ठेवा. म्या भायेर येते, पर एवढ्या जणींचं झालं, की मगच घेते."

जरीनाने निरोप पोचवला. मान्यवरांनी एकमेकांकडे पाहिलं. शालीचं टोक आधी कोणी सोडायचं, हे काही ठरेना.