चैत्रातला स्वेटर

मी एक जुना निळा स्वेटर आहे. मित्रांनो, माझा जन्म दोनदा झाला. आधी मी देवाजींच्या अंगावर सायकलवरून भिलाईच्या कारखान्यात जात असे. बाह्यांची कोपरे विरली तेव्हा त्यांच्या बायकोने, कौशल्याबाईंनी, मला उसवले आणि त्याच लोकरीतून लेकीसाठी, उन्नतीसाठी, पुन्हा विणले.

थंडी सरली. सेक्टर सहामधल्या त्यांच्या क्वार्टरात बाकीचे गरम कपडे कडुनिंबाचा पाला पांघरून पेटीत निजले. मी मात्र चैत्रातही उन्नतीच्या अंगावर होतो. केवढा हा लाड, असे वाटून मी हवेत तरंगत होतो.

मग माझ्या बाह्यांतून पांढरा कोंडा झडू लागला. तिच्या कोपरांवर लाल चट्टे उठले होते, आणि ते लपवायला ती मला घालत होती. माझी लोकर तिला टोचत होती. कुणीतरी रोग लागट आहे म्हणाले, म्हणून कबड्डीत मुली तिचा हात धरेनात. हात धरल्याशिवाय साखळी कशी होणार? तिने मैदानच सोडले. मला फार वाईट वाटे. लोकरीला रडता येत नाही, नुसते घामाने ओले होता येते.

कौशल्याबाईंनी खाजेचे मलम लावले, कोपरे घासून काढली. चट्टे आणखी भडकले. शेवटी देवाजी तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा सोरायसिस, कातडीचा आजार. मळाने होत नाही, शिवल्याने पसरत नाही. कधी कमी होईल, कधी पुन्हा उठेल. घासू नका, खाजवू देऊ नका, कपडे सुती घाला, आंघोळीनंतर कातडी मऊ ठेवा आणि औषध मनाने बंद करू नका.

घरी आल्यावर कौशल्याबाई उन्नतीला म्हणाल्या, "मीच घासून घासून वाढवलं वो बाई. आता काढ तो स्वेटर."

"काढला तर सगळ्यायले दिसन," उन्नती म्हणाली.

संध्याकाळी ती मला घालूनच मैदानाच्या भिंतीवर बसली. शेजारच्या घरातली तिची मैत्रीण भूमिका आली. उन्नतीने खाली बघत तिला डॉक्टरीणबाईंचे सगळे बोलणे सांगितले. भूमिकाने ऐकून घेतले आणि हात पुढे केला.

"मंग कावून बसून राहिली? चल, हात पकड."

उन्नतीने मला काढून भिंतीवर ठेवले. चट्टे अजून होतेच. भूमिकाने हात धरलेला बघून दुसऱ्या मुलीनेही धरला आणि साखळी जुळली. मावळत्या उजेडात हात, कोपरे, धूळ सगळे एकाच रंगाचे दिसत होते. खेळ संपला, मुली हसत घरी गेल्या, आणि उन्नती मला तिथेच विसरली.

मित्रांनो, उन्हाळ्यात कुणी पूर्ण बाह्या घालून एकटे बसले असेल, तर बाही ओढू नका. शेजारी बसा, हात पुढे करा. आम्हा स्वेटरांची चिंता करू नका. त्या रात्री भिंतीवर पडल्या पडल्या मी चांदणे बघत होतो, आणि उन्नतीला माझी आठवण येऊ नये असे मनापासून मागत होतो.