रेडीच्या घरातला सॅक्सोफोन

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारे हुक्काच समजतात. कोकणातल्या रेडी गावात बरेच जण तसंच समजले. मी एक जुना सॅक्सोफोन आहे. दूरदेशी पितळेचा पत्रा वाकवून मला घडवलं. कुठल्याशा गोऱ्या वादकाने मायदेशी परतताना मला मुंबईच्या एका दुकानात दिलं आणि तिथून काशिनाथने नेलं.

काशिनाथ मूळचा रेडीचा. मुंबईत एका हॉटेलच्या बँडमध्ये तो जॅझ वाजवायचा. टाळ्या पडल्या की तो आधी मला पुसायचा, मग स्वतःचा घाम. १९५६ साली त्या बँडची तबकडी निघाली. तिच्यात थोडा वेळ आम्ही दोघेच वाजलो, पण वर नाव बँडचंच होतं.

पुढे त्याची छाती बिघडली. डॉक्टरांनी बजावलं, "आता फुंकायचं नाही." तो मला घेऊन गावी आला. घरी त्याची बायको सुगंधा होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने आम्हाला कधी ऐकलंच नव्हतं.

माझे मुके दिवस सुरू झाले. काशिनाथचा चुलतभाऊ लवू मुंबईच्या बोटीवर खलाशी होता. हंगामात तो नव्या सॅक्सोफोनवाल्यांच्या तबकड्या आणायचा. चावीच्या ग्रामोफोनवर त्या लागल्या की काशिनाथ मला मांडीवर घेऊन न फुंकता बोटं फिरवायचा. हे नवे वादक ठरलेली चाल मध्येच सोडून लांब कुठेतरी निघून जात. त्यांच्या मागे माझ्या चाव्यांची नुसती टकटक. आवाज दुसऱ्याचा आणि बोटं माझ्यावर! पेटीतल्या अंधारातही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

एकदा लवूने ती जुनी तबकडी शोधून आणली. सुगंधा चूल सोडून जवळ येऊन बसली.

"ह्यात तुमी खंय आसास?"

"थांब गो, आता येतलंय." काशिनाथने बोट वर केलं. आमचा तुकडा वाजला आणि लगेच पियानो सुरू झाला.

"इतक्यातच सोपला?" ती म्हणाली. "परत लावा."

परत परत लावून सुई बोथट झाली. मग तिने मलाच उचललं. "फुंक मी मारतंय. बोटां तुमी फिरवा."

"जमतला तुका?"

"रोज फुकणीन चूल पेटयतंय मां?"

पहिल्या दिवशी मी रेड्यासारखा ओरडलो. काशिनाथ हसला, गावी आल्यापासून पहिल्यांदा. पावसाळ्यात बोट बंद, नव्या तबकड्या नाहीत, तेव्हा दोघं मलाच घेऊन बसत. दसऱ्याच्या सुमारास तो तुकडा माझ्यातून पुरा निघाला. जरा वाकडाच निघाला, पण श्वास तिचा होता आणि बोटं त्याची. मुंबईतही मी इतका मनापासून कधी वाजलो नव्हतो.

त्याच थंडीत काशिनाथ गेला.

त्यानंतर सुगंधाने मला एकदाच तोंडाला लावलं. फुंकर तीच, पण चाव्यांवर बोटं नव्हती. एकच सूर निघाला, कुठेही न जाणारा. तिने मला खाली ठेवलं.

आता खाऱ्या वाऱ्याने मी हिरवा पडलोय. शेजारची राधाबाई म्हणाली, "पितळ आसा, इकून टाक गो."

"आसांदे," सुगंधा म्हणाली. "तेंच्या बोटांनी झिजलेला आसा तां."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी वाजवणारं असेल, तर ते वाजवत असतानाच त्याच्यापाशी जाऊन बसा. आमच्यावरची धूळ पुसायला नंतरही हात मिळतात. पण तुमचं ऐकायचं राहून गेलेलं आम्हाला एकट्याने वाजवून दाखवता येत नाही.