सहा मोटारी आणि पाशा मिस्त्री

साहेब, बारा दिवसांनी एकदा पाणी सोडता, तेही करंगळीएवढ्या धारेनं, आणि वर आम्हालाच चोर म्हणता. मोटारी नेल्या त्या नेल्या. पण जाता जाता गल्लीतला एक चांगला माणूस नासवून गेलात, त्याचं काय?

सत्यशीलाबाईंचंच घ्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, नवरा नाही, लेक संस्कृती धारूरला दिलेली. एकट्या बाईच्या घरात काय काय अडतं ते तिलाच ठाऊक. पंखा करकरतो, कडी बसत नाही, मोरी तुंबते. एवढ्याशा कामाला कुणी येत नाही, आणि आलाच तर निम्मं उकलून ठेवून गायब. पाशा मिस्त्री तसा नव्हता. दुपारी येतो म्हणाला की दुपारीच यायचा, काम झालं की फडकं मागून फरशी पुसायचा. बाई लेकीकडं गेल्या की घराची किल्ली त्याच्याकडं असायची.

नळाला मोटार लावायला बंदी आहे, आणि न लावावी तर हौदात थेंब पडत नाही. म्हणून लावतात सगळेच. गल्लीत त्या पाशानंच बसवलेल्या. कुणाची जिन्याखाली, कुणाची जळणाच्या ढिगामागं. बाईंची न्हाणीत, धुण्याच्या दगडाखाली खड्डा करून. वरून धुणं चालू, खाली मोटार चालू.

त्या मंगळवारी पाणी सुटलं आणि पाठोपाठ तुमची माणसं यादी घेऊन आली. बाईंच्या न्हाणीत शिरली, इकडंतिकडं पाहिलंसुद्धा नाही. दोघांनी दगड धरला आणि सरकवला. अर्ध्या तासात सहा घरांच्या सहा मोटारी टेम्पोत. समोरच्या वत्सलाबाईच्या घराकडं मात्र कुणी फिरकलं नाही.

संध्याकाळी सत्यशीलाबाई आणि वत्सलाबाई ओट्यावर होत्या, तिथं गल्लीतला बंकट येऊन बसला. त्याचीही गेली होती, जिन्याखालची.

"घरचाच भेदी हाय कुनीतरी. वत्सलाबाई, तुझीच कावून वाचली?"

"मला काय इचारतो? साहेबाला इचार की."

"पाशा तुझ्याकडं रोज च्या पितो."

"तू पाजला का कधी त्याला?"

सत्यशीलाबाई हळूच म्हणाल्या, "दगडाखालची मोटार दोघांनाच ठाऊक होती. मला आन् पाशाला."

बंकटला एवढंच पाहिजे होतं. "त्या लोकांचा भरवसा..." म्हणून त्यानं वाक्य सुरू केलं आणि ते पुढच्या चार गल्ल्यांत फिरून पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी पाशा आपणहून दारात आला. "मावशी, दगड नीट बसवून देऊ का? हलत असंल."

बाईंनी विचारलं, "दगड हलवला हे तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्या गावाला माहीत हाय, मावशी."

"माझी किल्ली दे."

त्यानं बाईंकडं एकदा पाहिलं. कड्यातून किल्ली काढली, उंबऱ्यावर ठेवली आणि गेला. त्यानंतर गल्लीत त्याला कुणी हाक मारली नाही. त्याच्या जागी नवा मिस्त्री आला, त्यानं बाईंचा पंखा उलटा फिरवून दिला. वारा छताला.

पंधरा दिवसांनी बाई मोटार सोडवायला पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेल्या. प्रविण नावाच्या कारकुनानं फाईल उघडून त्यांच्यापुढं सरकवली. त्यात एक फॉर्म होता. 'विद्युत मोटार आहे काय? जोडणीचे ठिकाण?' आणि पुढं गोल, टपोऱ्या अक्षरात: 'होय. न्हाणीत, धुण्याच्या दगडाखाली.'

अक्षर बाईंचं होतं.

उन्हाळ्यात हे फॉर्म वाटले होते. नवी पाइपलाइन येणार, मोटारवाल्यांना अनुदान मिळणार, असं सांगितलं होतं. अक्षर चांगलं म्हणून गल्ली बाईंकडं आली. आयुष्यभर अंगणवाडीची रजिस्टरं भरलेली बाई. रकाना मोकळा दिसला की तपासणीला येणाऱ्या वरच्या बाईच्या शिव्या. त्यांनी एकही रकाना मोकळा सोडला नाही. सहाही फॉर्म त्यांच्याच हातचे. वत्सलाबाई त्या दिवशी नारायणगडाला दर्शनाला गेलती, म्हणून तेवढी सुटली.

"अक्षर लई छान हाय हो," प्रविण म्हणाला.

बाई तिथून थेट पाशाच्या घरी गेल्या. दारात त्याची बायको जुलेखा उभी. "हायेत घरी. पण कामाला येनार न्हाईत," ती म्हणाली. आत पाशा कुणाची तरी शेगडी उघडून बसला होता. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चूक माझी, म्हणाल्या.

पाशा शेगडीतून मान वर न काढता म्हणाला, "मला पटलं, मावशी. बंकटभाऊला पटवा."

बंकटला कसलं पटतंय? 'जिन्याखाली' हा शब्द त्यानंच बाईंना सांगून लिहून घेतला होता. ते कबूल करायचं म्हणजे आपली चुगली आपणच केली असं म्हणायचं. तो म्हणाला, "कुनी बघितलाय फार्म? बाई, तुमची कामं अडली म्हनून त्याची बाजू घेता तुमी."

तेव्हा बाई तुमच्याकडं आल्या, साहेब. आठवतंय ना? मोटार ठेवून घ्या म्हणाल्या. कागदावर शिक्क्यासह एक ओळ मागितली, की यादी फॉर्मांवरून केली, कुणी खबर दिली नाही. तुम्ही म्हणालात, असं लेखी देता येत नाही. गल्लीतलं गल्लीत मिटवा.

गल्लीत मिटत नाही. तुमच्याशिवाय कुणाच्या शब्दाला तिथं वजन नाही, बाईंच्या तर नाहीच; पाशावरचा संशय त्यांनीच पक्का केला. आज तिसरा दिवस, बाई तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून आहेत आणि तुम्ही मागच्या दारानं जेवायला जाता. पाशा जुलेखाला घेऊन पुण्याला निघायच्या बेतात आहे. फॉर्म तुमच्या कपाटात, शिक्का तुमच्या टेबलावर. सहा घरांत घुसताना तुमच्या माणसांना तेवढाच कागद पुरला. मग पाशानं काही सांगितलं नाही, एवढं एका ओळीत लिहायला तुमचा हात कशानं अडतो, साहेब? उत्तर द्या.