माझ्यामुळे संघ मागे पडला

सकाळी सव्वानऊला कचेरीतले सगळे भिंतीसमोर गोल करून उभे राहिले आणि तिच्या वाट्याला पुन्हा तेच वाक्य आलं. "माझ्यामुळे संघ मागे पडला," ती म्हणाली. चौदा शिकल्यासवरल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या नवऱ्यानेही वाजवल्या, नजर मात्र बुटांवर ठेवली.

हे वाक्य साहेबांनी कुठल्याशा शिबिरातून आणलं होतं. ज्याचं काम अडलं, त्याने ते सकाळच्या बैठकीत सर्वांदेखत म्हणायचं. टाळ्या म्हणे उमेद वाढवण्यासाठी. पोरांना अंगठे धरून उभं करणाऱ्या मास्तरांना आपण आज नावं ठेवतो, पण मोठ्या माणसांना हसतमुखाने तेच करायला लावलं की त्याला कार्यसंस्कृती म्हणतो! आणि ज्याच्यावर पाळी येत नाही, तो आज आपण सुटलो म्हणून चहाला निघून जातो.

ती तपासनीस होती. रुग्णालयात कोणत्या रुग्णाला कोणतं औषध किती वाजता द्यायचं, हे परिचारिकांना पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर या कचेरीत तयार होत असे. बाकीचे ते लिहायचे आणि ही त्यातल्या चुका शोधायची. चूक सापडली की भिंतीवर चिकटवलेलं त्या कामाचं कार्ड मागच्या रकान्यात सरकायचं, लिहिणाऱ्याचे गुण जायचे आणि काम अडलं ते हिच्यामुळे, असं ठरायचं. त्यामुळे सगळे तिला 'खोडरबर' म्हणत. तिच्या नवऱ्याला तर रोज कुणीतरी विचारायचं, "काय रे, घरीही पुसते का तुला?" तो ते हसण्यावारी न्यायचा. बायकोची बाजू त्याने एकदाही घेतली नव्हती.

दीड महिन्यापूर्वी साहेबांच्या डोक्यात दोन पद्धतींची तुलना करायचं आलं. डाव्या भिंतीवर स्प्रिंट. तिथे पंधरवड्याच्या सुरुवातीला इतकी कार्डं पुरी करू असा सगळ्यांनी शब्द द्यायचा आणि शेवटच्या दिवशी तो पाळून दाखवायचा. उजव्या भिंतीवर कानबान. तिथे मुदत नाही, पण कोणत्याही रकान्यात एका वेळी तीनच कार्डं. तपासणीचा रकाना भरला की नवं काम सुरू करायचं नाही, उठून तपासणीला हात लावायचा. हरणाऱ्या भिंतीवरची माणसं कमी होणार, हे साहेबांनी तोंडाने सांगितलं नव्हतं, पण ते न कळण्याइतकं दूधखुळं कुणी नव्हतं. नवरा डाव्या भिंतीवर होता. तपासनीस मात्र दोन्ही भिंतींना मिळून एकच होती.

म्हणून खरी तुलना काय ती तिलाच दिसली. सुरुवातीला उजवीकडचे तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसायचे, "दाखवा ताई, कुठे फसलंय?" म्हणायचे आणि तिथल्या तिथे दुरुस्त करायचे. डावीकडे पंधरवडाभर सामसूम असायची आणि शेवटच्या दुपारी तेरा-चौदा कार्डं तिच्या अंगावर येऊन पडायची. पण साहेब उजव्या भिंतीपुढून जाताना रोज टोमणा मारू लागले, "तीनच? बाकीचे काय आराम करताय?" मग तिथेही भिंतीवर तीन आणि टेबलाच्या खणात पाच-सहा कार्डं दडू लागली. तिला मदत करायला कुणी येईनासं झालं. पद्धत कोणतीही आणा, साहेब तिची माती करणार, हे तिला कळून चुकलं.

शेवटच्या पंधरवड्यात नवऱ्याचं एक कार्ड तिच्याकडे आलं. रुग्णाला एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर हलवलं, की त्याची माहिती सोबत जायला हवी, एवढंच ते काम. तिने एक खोटा रुग्ण तयार केला, त्याला सकाळचं औषध दिल्याची नोंद केली आणि त्याची खाट बदलली. पडद्यावर लाल अक्षरात आलं: औषध देणे बाकी. तिने पुन्हा करून पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. तिने कार्ड मागे सरकवलं.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच नवऱ्याने विषय काढला. सासूबाई जेवणाच्या टेबलाशी भाजी निवडत होत्या.

"उद्या सकाळी पहिल्यांदा ते कार्ड पुढे सरकव."

"अरे, दिलेलं औषध न दिलेलं दिसतंय त्यात. परिचारिका पुन्हा देईल."

"रोज थोडीच खाट बदलते कुणाची! पुढच्या पंधरवड्यात नवं कार्ड काढून नीट करतो ना."

"आणि मधले पंधरा दिवस? रुग्णालय हेच वापरणार ना?"

"त्या एका कार्डामुळे दिलेला शब्द मोडेल आणि आमची भिंत हरेल. नोकरी जाईल माझी. तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस?"

सासूबाईंनी चाळणी बाजूला सारली. "बाईने नवऱ्याची चूक झाकायची, की चारचौघांत उघडी पाडायची? एवढी शिकलीस, ते हेच करायला का?"

"आई, उद्या तुम्हाला रुग्णालयात ठेवलं, आणि तुम्ही खिडकीजवळची खाट मागितलीत, तर?"

"अभद्र बोलू नकोस!" म्हणत सासूबाई तरातरा आत गेल्या. नवरा त्या रात्री न जेवताच झोपला.

दुसऱ्या दिवशी निकालाची बैठक होती. साहेब खुशीत होते. "डावी भिंत एकेचाळीस कार्डं, उजवी एकोणतीस. आजपासून सगळीकडे स्प्रिंट!"

"साहेब, एकेचाळिसातली सतरा माझ्याकडून परत गेलीत," ती म्हणाली. "एकोणतिसातली दोन. ती कशी मोजलीत? आणि खाट बदलण्याचं कार्ड तर अजून नापास आहे."

साहेबांचा चेहरा उतरला. "ते तुमच्यामुळे अडलंय. म्हणजे काय म्हणायचं असतं, ठाऊक आहे ना? म्हणा."

सगळ्यांनी टाळीसाठी हात तयार ठेवले होते.

"नाही म्हणणार," ती म्हणाली. "चूक मी केली नाही, मी शोधली. त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. तुम्ही हे वाक्य आणल्यापासून इथे प्रत्येक जण चूक लपवायला शिकलाय. या टेबलांचे खण उघडून बघा."

टाळी वाजली नाही. पण तिच्या बाजूने एक तोंडही उघडलं नाही. सुरुवातीला तिला ताई ताई करणारे उजव्या भिंतीवरचे लोकही छताकडे बघत बसले. अशा लोकांची मला साहेबांपेक्षा जास्त चीड येते. साहेब निदान जे होते ते उघड होते.

"उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले. मग नव्या आवृत्तीसोबत रुग्णालयात जाणारा तपासणीचा कागद त्यांनी तिच्या नवऱ्यासमोर सरकवला. "तपासणीच्या जागी तुम्ही करा सही. तुमचंच काम आहे, तुम्हाला तर खात्री असेल."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवून नको म्हटलं. त्याने खिशातलं पेन काढलं, ते उमटेना, तेव्हा साहेबांचं पेन मागून घेतलं आणि सही केली.

दुपारपर्यंत नवी आवृत्ती रुग्णालयात पोचलीही. टेबलावरचं सामान पिशवीत भरून ती खाली उतरली आणि रस्त्याकडेच्या बाकावर बसून तिने रुग्णालयाच्या मुख्य परिचारिकेला फोन लावला. कामानिमित्त दोघींचं आठवड्यातून एकदा तरी बोलणं व्हायचं.

"सिस्टर, आज आलेलं सुरू करू नका. खाट बदलली की दिलेलं औषध पुन्हा मागतंय ते."

"काय सांगता! आज दोन वाजता सुरू करणार होतो आम्ही. माझ्या वॉर्डात दिवसाला चार-पाच खाटा बदलतात हो." पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "पण इथे तर तपासणी पूर्ण, निर्दोष असं लिहिलंय."

"निर्दोष नाही. मी नापास केलं होतं."

"मग हे मी असं सोडणार नाही. लेखी तक्रार करते, वरपर्यंत नेते. माणसं मेली असती आमची." त्यांनी कागद पुन्हा उलटला. "खाली सही आहे, पण वाचता येत नाही. कुणाची आहे?"

वाचकहो, या प्रश्नाला उत्तर न देण्याच्या दहा वाटा तिच्यापुढे होत्या. माहीत नाही, बघून सांगते, साहेबांना विचारा. आपण सगळे त्याच वाटांनी रोज घरी जातो.

"माझ्या नवऱ्याची," ती म्हणाली. तिने त्याचं पूर्ण नाव सावकाश सांगितलं. "आणि साक्षीदार म्हणून खाली माझं नाव लिहा."