बुंदीसाठी अंडं

"माताजी, दूध बिल्कुल बंद," जनावरांचा डॉक्टर म्हणाला. "दस्त उसी से लगे हैं."

तीन लेकरं आणि सहा नातवंडं दुधावर वाढवली मी. हा कालचा पोरगा मला शिकवणार! पण टोपलीतली बुंदी मानही उचलत नव्हती. दोन महिन्यांचं मांजराचं पिल्लू, चार दिवसांत जुलाबांनी ओल्या फडक्यासारखं झालेलं. चारही दिवस साखर घातलेल्या दुधाची वाटी माझ्याच हातची होती.

"दवा दे रहा हूँ. पिल्लों वाला दाना भिगोकर खिलाओ. न मिले तब तक उबला अंडा, बिना नमक. थोड़ा-थोड़ा, दिन में चार बार. पानी अलग."

दाणा आमच्या धार गावात मिळाला नाही. माझा मुलगा धीरज परवा इंदूरहून आणणार. म्हणजे तोवर अंडं. आमच्या घरात! तीन पिढ्या देवीचा नैवेद्य जातो इथून. अंड्याचं नुसतं नाव काढलं तरी मी पोरांना चूळ भरायला लावलेली.

नात गुंजन अंडं घेऊन आली. मी मागच्या अंगणात शेगडी पेटवली.

"हे उकडायचं किती वेळ?"

"दहा मिनिटं, आई. गार पाण्यात सोडून मग चढवायचं, नाहीतर फुटतं," सून मेधा फटकन बोलली. आणि तिचा चेहराच उतरला. गुंजनने जीभ चावली.

"आणि भांडं?"

कुणी हलेना. मग गुंजन गेली आणि जिन्याखालच्या रद्दीमागून जर्मनचं पातेलं घेऊन आली. बूड काळंकुट्ट. एक-दोन वर्षांचं काळं नव्हतं ते.

"चोरट्या!" एवढंच म्हणाले. जास्त बोलायला वेळ कुठे होता?

कुस्करलेला बलक कोमट पाण्यात कालवून बोटावर धरला. बुंदीने वास घेतला. एक डोळा उघडला. मग ती चाटू लागली. आधी कान हलले, मग मान, मग शेपटीच्या टोकापर्यंत सगळं अंगच खाऊ लागलं. कणीएवढाले दात! पन्नास वर्षं पंगती वाढल्या मी. अन्नाला असं सर्वांगानं भिडणारं कुणी पाहिलं नव्हतं. हात जोडावेसे वाटले, पण बोट तिच्या तोंडात होतं.

"आजी, और दूँ?"

"नको. चारदा सांगितलंय ना? हावरटपणा माझ्या घरात चालायचा नाही."

संध्याकाळी चौथ्या खेपेला बुंदी टोपलीबाहेर आली, आपल्या पायांनी.

मेधा पातेलं घासून पुन्हा जिन्याकडे निघाली. मी ते तिच्या हातातून घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर, माझ्या चहाच्या पातेल्याशेजारी उपडं घातलं.

"आई, तिथे?"

"निथळू दे," मी म्हणाले.