साठ एमबीचा चेहरा

मी एक जुना स्कॅनर आहे. कोपऱ्यातल्या टेबलावर, कॉम्प्युटरला खेटून बसलेला. मित्रांनो, आज मी जरा रागाने बोलणार आहे. तेवढं सांभाळून घ्या.

कारखान्यात माझी काच बसवली तेव्हा तिच्यावर धुळीचा कणही राहू दिला नव्हता. माझं काम एकच, समोर येईल ते नीट पाहायचं. घरांचे नकाशे काढणाऱ्या ताईने मला आणलं आणि कितीतरी वर्षं मी तिची कामं केली. ती मऊ फडक्याने काच पुसायची, "गुणी आहे हो," असं आल्यागेल्याला सांगायची.

एकदा तिने माझ्या काचेवर वडिलांचा फोटो ठेवला. ते सुतार होते. गेल्यानंतर त्यांचा हा एकच फोटो उरला होता, काडेपेटीएवढा. मी अगदी सावकाश दिवा फिरवला. कानावरची पेन्सिल, भुवईत अडकलेला लाकडाचा भुसा, सगळं टिपलं. फाइल झाली साठ एमबीची. पुढे घर बदलताना कागदी फोटो हरवला. कुणाला फारसं काही वाटलं नाही. फाइल होतीच ना.

मग ताईचा धाकटा भाऊ कॉम्प्युटरवर बसला. त्याने कडा कापल्या, सेव्ह केलं. उजेड वाढवला, सेव्ह केलं. फोनवरून पाठवायला फाइल लहान केली, पुन्हा सेव्ह. आणि तेही मूळ फाइलवरच. फाइल लहान करताना कॉम्प्युटर बारकावे फेकून देतो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"बघ, अर्ध्या एमबीत बसवली," तो ताईला म्हणाला. जणू पराक्रमच केला.

आईच्या वाढदिवसाला तो फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा होता. छापून आले ते नुसते धुरकट चौकोन. भावाने फाइल ताणून पुन्हा साठ एमबीची केली. आकडा वाढला, भुवईतला भुसा काही परतला नाही. आईने चष्मा पुसून पाहिलं.

"हे कोण?" तिने विचारलं.

"स्कॅनरच जुनाट आहे," भाऊ म्हणाला. "भंगारात द्यायला हवा."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण मला बोलता कुठे येतं?

ताईने आईचा हात धरून माझ्या काचेवर ठेवला. पडद्यावर आईच्या बोटांची रेघ न् रेघ उमटली.

"स्कॅनर ठणठणीत आहे," ताई म्हणाली. "तू आधी कॉपी करून घ्यायला हवी होतीस."

"मला वाटलं, फोटो तर तोच आहे," भाऊ पुटपुटला.

मला कुणी भंगारात दिलं नाही. म्हणून माझा राग गेला, असं मात्र समजू नका. मित्रांनो, मूळ फाइल आहे तशी राहू द्या. कापायचं, उजळायचं, लहान करायचं ते तिच्या कॉपीवर करा. मी पाहतो आणि देऊन टाकतो. माझ्यापाशी काहीच उरत नाही. तो चेहरा मी तुमच्या हवाली केला होता.