हळदीच्या भाताचं घमेलं

मी एक जुनं लाल घमेलं आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू. पण कुचिंग शहराच्या नदीपलीकडच्या आमच्या वस्तीत माझ्याइतकं खरं बोलणारं भांडं दुसरं नाही, एवढं ध्यानात असू द्या. वर खिळ्याला एक गंजका झारा लटकलाय. तो मध्येच खुदखुदेल. म्हातारा झालाय, त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

मित्रांनो, माझा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यातला. बाहेर आले तेव्हा मी इतकं लालभडक होते, की दुकानासमोरून जाणाऱ्या गाड्या आपोआप थांबायच्या. नेक सपिया, म्हणजे सपिया आजी, या म्हातारीने मला पाहिलं, बोटाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि बगलेत मारून घरी आणलं. घरी आल्या आल्या तिने मला पालथं घातलं आणि सुनेच्या नखरंगाने माझ्या बुडावर चांदणी काढली.

ही चांदणी फार महत्त्वाची. आमच्याकडे लग्न निघालं की आचारी बोलावत नाहीत. सगळी वस्तीच रांधायला येते आणि घराघरातून घमेली, पातेली गोळा होतात. जेवणावळी उठल्यावर कुणाचं काय ते कळावं म्हणून प्रत्येक घराची आपली खूण असते. कुणाचा ठिपका, कुणाची फुली. चांदणी म्हणजे नेक सपिया. चांदणी दिसली की बायका डोळे मिटून घमेलं उचलायच्या, कारण नेकचं भांडं म्हणजे लख्ख.

काय दिवस होते ते! माझ्यात हळद घातलेला चिकट तांदूळ भिजायचा. तो वाफवला की सोन्याच्या डोंगरासारखा दिसायचा. माझ्यात भिजलेल्या तांदळाचा भात खाऊन एका मुक्या नवरदेवाला वाचा फुटली होती.

(पाहिलंत? झारा खुदखुदला. जळतो मेला.)

मग एका लग्नात माझ्या काठाचा टवका उडाला. तिथली धार कुणाच्या तरी बोटाला लागली आणि नेकने मला चुलीपासून उचलून, खांबांवर उभ्या आमच्या घराच्या थेट जिन्याखाली नेलं. तिथे माझ्यात नदीकाठची वाळू ओतली. मला वाटलं, झाड लावणार. फुलं येतील. तेवढ्यात एक भलामोठा नारिंगी बोका आला, माझ्यात उतरला, वाळू उकरली, माझ्याकडे पाठ केली आणि...

शी! शी शी शी! अजून आठवलं की माझा काठ शहारतो.

त्या घरात मांजरं तीन. हा नारिंगी ओयेन, वस्तीचा दादा. दुसरी मिमी, एका डोळ्याची म्हातारी, तिला वाळू उकरायला लागायची पण झाकायचा कंटाळा. तिसरी तोम्पोक, पांढऱ्या अंगावर काळा ठिपका असलेली, स्वतःच्या शेपटीला दचकणारी. तिघांत मिळून घमेलं एक, मी! उन्हाळ्याच्या दुपारी माझी काय अवस्था व्हायची ते सभ्य भाषेत सांगता येत नाही. ओलं, सुकलेलं, त्यावर पुन्हा ओलं. डोळे चुरचुरावेत असा वास. जिन्याखालच्या मुंग्यांनी बिऱ्हाड हलवलं. वरून उडणारा कावळा चक्कर येऊन पडला. नदीतली मगर आमच्या धक्क्यापर्यंत आली, तिने एकदा हुंगलं आणि पाठ फिरवून जी गेली ती समुद्रालाच मिळाली.

आणि माझा सोबती कोण, तर हा झारा. एकेकाळी केळ्याची भजी तळायचा. आता माझ्यातले गोळे चाळून काढायचा. मला त्याची किळस यायची आणि त्याला माझी.

पण खरी पंचाईत पुढेच होती. घरात वास यायला लागला, तोही भलत्याच ठिकाणी. कधी नमाजाच्या चटईवर, कधी पाहुण्यांच्या उशांवर. नेक चटई धुऊन वाळत घालायची, तोवर दुसरी उशी गेलेली असायची. आणि घरात तर नात झुरीनाचं लग्न ठरलेलं.

झुरीनाचा बाप बुजांग, म्हणजे नेकचा लेक, एका सकाळी नाकाला रुमाल लावूनच स्वयंपाकघरात आला.

"आई, वऱ्हाड आलं की नाक धरेल, का आपला हात हातात घेईल?"

"दोन हात दिलेत देवाने. एकाने नाक, एकाने हात."

"थट्टा नको. लग्नाच्या दिवशी या घरात नुसती झुळूक जरी आली ना, तिन्ही पोत्यात घालीन आणि मासळीबाजारात सोडून येईन. तिथे मासे खाऊन मजेत राहतील."

"तू शाळेत जाईपर्यंत अंथरूण ओलं करायचास. तुला मी कुठल्या बाजारात सोडलं?"

बुजांग लाल झाला. पण जाताना म्हणाला, "मी शब्दाचा पक्का आहे, आई." आणि तो खरंच तसा होता.

म्हातारीचा नवरा गेल्यापासून रात्री तिच्या पायाशी तोम्पोक निजायची. त्या दिवशी नेकने पान खाल्लं नाही. कांदे घेऊन जिन्याच्या पायरीवर येऊन बसली. सोलणं नावाला, नजर माझ्यावर. शेजारची रोकायाह, जिचा आवाज नदीपलीकडे ऐकू जातो आणि जी नेकला काक, म्हणजे ताई म्हणते, ती कुंपणावरून ओरडली, "काक, कांद्यांना गोष्ट सांगताय का?"

"गप. बघ."

ओयेन माझ्या तोंडाशी पाय पसरून बसला होता. जिन्याखालचा कोपरा तो, आत जायची वाट एकच. तोम्पोक आली. त्याला पाहिलं. आपण सहज इकडे आलो होतो असं दाखवत पंजा चाटला आणि माघारी फिरली. थोड्या वेळाने पुन्हा आली. पुन्हा पंजा. मग तिला धीर धरवेना. ती पळत घरात गेली आणि सरळ चटईवर.

"घाणेरडी आहे हो ती," रोकायाह म्हणाली.

"घाणेरडी नाही. तिची वाट अडवलीये." नेकने सुरी खाली ठेवली. "एका घरात तीन सुना, न्हाणीघर एक, आणि थोरली दारात ठाण मांडून. तू काय केलं असतंस?"

"मी? थोरलीच्या उशीवर केलं असतं."

"तेच करतेय ती."

त्याच दिवशी नेकने घर उलटंपालटं केलं. मासळीचं जुनं खोकं ओयेनला. बसकी, रुंद परात मिमीला, म्हणजे म्हातारीला पाय उचलायला नको. एक बादली आडवी कापून ती जास्तीची, कुणाचीही. आणि मला मागच्या ओसरीवर नेलं, रांजणाशेजारी, जिथून दोन्हीकडे पळता येतं. मी तोम्पोकचं झाले. जेवणाच्या बशाही तिघांच्या तीन कोपऱ्यांत. झारा सकाळ-संध्याकाळ चारही ठिकाणची वाळू साफ करत फिरू लागला. काही दिवस ओयेन एका घमेल्यावरून दुसऱ्याकडे पहारा देत धावला, आणि एवढी मोठी हद्द एकट्याला सांभाळवेना म्हणून दमून झोपला. चटई कोरडी राहू लागली. बुजांग रोज हुंगायचा आणि काही न सापडल्याने चिडायचा.

किळस काही संपली नाही म्हणा. घाण ती घाणच, तिघांची असो की एकीची. पण तोम्पोक माझ्यात उतरली की आधी विचारल्यासारखी बघायची. तेवढं बरं वाटायचं.

आता ऐका, आणि हेच कुणाला पटत नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी नेकने मला रिकामं केलं, उकळत्या पाण्याने घासलं आणि कुंपणावर उन्हात पालथं घातलं. ती झुरीनाच्या हाताला मेंदी लावायला आत गेली. आणि बायका घमेली गोळा करत आल्या. माझं बूड वर, बुडावर चांदणी. ती पुसायची राहिली होती!

"नेकचं घमेलं!" रोकायाह म्हणाली, आणि डोळे मिटून मला उचललं.

मित्रांनो, किती वर्षांनी! पुन्हा चूल, पुन्हा बायकांची बडबड, पुन्हा माझ्यात पांढराशुभ्र तांदूळ, वरून हळदीचं पाणी. नेक मेंदीच्या हातांनी स्वयंपाकघरात आली. माझ्या काठाचा उडालेला टवका तिने पाहिला आणि जागीच थिजली. खरं सांगावं तर मांजरं पोत्यात. गप्प बसावं तर सगळं वऱ्हाड उद्या मांजराच्या मोरीतला भात खाणार. ती मटकन बसली, खलबत्त्यापाशी.

तेव्हा मी ठरवलं. हे आपल्यालाच निस्तरायला हवं. मी श्वास कोंडला, पोट आवळलं, सगळा जोर लावला आणि फाट्‌! स्वतःहून मधोमध तडकले! हळदीचं पाणी फळ्यांच्या फटींतून खालच्या चिखलात गेलं, मागोमाग तांदूळ. खाली कोंबड्यांची चंगळ झाली. योगायोगाने त्याच वेळी दगडी बत्ता कुठूनसा खाली पडला होता, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

बायका उगाच म्हातारीलाच हसल्या. रोकायाह म्हणाली, "काक, हात आहेत की लोणी? ऐन लग्नात तांदूळ सांडलात!" बुजांग म्हणाला, "आईला आता स्वयंपाकघरातून रजाच द्या." नेकने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. का, कोण जाणे. दुसरा तांदूळ भिजला, दुसऱ्या घमेल्यात. वऱ्हाड आलं, नाक न धरता जेवलं. मांजरं ओसरीवर तीन दिशांना तोंडं करून बसली होती आणि पोतं रिकामंच राहिलं.

आज माझ्यात गवती चहा लावलाय. छान वास येतो. (ओयेन अजूनही कधीतरी संधी साधतो. शी!) मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मांजरं पाळाल तर प्रत्येकीला आपली जागा द्या, वर एक जास्तीची ठेवा, ती रोज साफ करा. आणि ज्याने आयुष्यभर तुमचा तांदूळ भिजवला त्याच्यात घाण टाकायची वेळ आलीच, तर आधी त्याची खूण तरी पुसा. आणि माझ्यासारख्या भांड्याची आठवण ठेवा, ज्याने एका म्हातारीची मांजरं वाचवायला स्वतःला फोडून...

"खोटं!" झारा खिळ्यावरून खणखणला. "साफ खोटं! मी समोरच होतो, रांजणावर वाळत. म्हातारीने दोन्ही हातांनी बत्ता उचलला आणि तुझ्या पोटात घातला. हातांना लागलेली मेंदी बत्त्याला पुसली गेली तिची. आणि तू? तू तर तांदूळ असा घट्ट धरून बसलं होतंस, की तिला दुसऱ्यांदा मारावा लागला!"